आतल्या डिस्कमधला नंदिनीचा मॅप

पातूरचे एक निवृत्त मुख्याध्यापक एकदा माझ्या अकोल्याच्या दुकानात आले. ऑटोत घालून आणलेला जुना कॉम्प्युटर टेबलावर ठेवून म्हणाले, "सलीम, हा आता मरून राहिला. पण याच्याबिगर माहं जमत नाही. याले नव्या कॉम्प्युटरच्या पोटात पुरून दे."

गुरुजींची अडचण साधी होती. ते ज्या जुन्या मराठी अक्षरांत वर्षानुवर्षं टाइप करत आले, ती अक्षरं नव्या विंडोजवर चालत नव्हती. मी त्यांच्या जुन्या डिस्कची जशीच्या तशी एक मोठी फाइल बनवली. नव्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकला आणि त्याला ती फाइल दाखवली. पडद्यावर एक चौकट उघडली आणि त्या चौकटीत गुरुजींचा जुना कॉम्प्युटर सुरू झाला. तेच हिरवं माळरान, तेच डावीकडे रांगेत लावलेले फोल्डर, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं तेच अर्धवट राहिलेलं निमंत्रण. गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, हा तं जिता हाय!"

याला आमच्या धंद्यात व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मी सव्वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं, मागच्या वर्षी बंद केलं. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं अशाच कामात गेली. जुना प्रोग्राम नव्या मशीनवर चालत नाही आणि माणसाचं त्याच्यावाचून भागत नाही, अशी गिऱ्हाइकं वऱ्हाडात पुष्कळ आहेत.

बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरला आम्ही होस्ट म्हणतो. आतल्या कॉम्प्युटरची सगळी डिस्क, म्हणजे त्याचं विंडोज, प्रोग्राम, कागदपत्रं, होस्टवरून पाहिलं तर एक लठ्ठ फाइल असते. आतला कॉम्प्युटर नीट चालतो तोवर त्या फाइलकडे कोणी बघत नाही. तो सुरूच होईनासा झाला की लोक फोन करतात. मग मी ती फाइलच होस्टला डिस्क म्हणून जोडतो. पेन ड्राइव्ह लावला की कॉम्प्युटरवर नवं अक्षर उमटतं, तसं एक अक्षर उमटतं. त्यावर क्लिक केलं की आतलं सगळं समोर. आतलं विंडोज उठत नसलं तरी त्याच्या कपाटातले कागद बाहेरून काढता येतात. यालाच डिस्क माउंट करणं म्हणतात. काम दोन मिनिटांचं आहे. दोन मिनिटांचं आहे म्हणूनच माणूस त्यात गाफील राहतो.

मी राहिलो होतो. ते आधी सांगतो.

अकोल्यात एका हाजीसाहेबांचा उर्दू छपाईचा छोटा छापखाना होता. त्यांच्या वालिदांनी, म्हणजे वडिलांनी, वऱ्हाडातल्या जुन्या घराण्यांची माहिती वह्यांमध्ये लिहून ठेवली होती. कोण कुठून आलं, कोणी कुठे दुकान टाकलं, कोणाच्या मुली कुठे दिल्या. वह्यांना वाळवी लागली होती. हाजीसाहेब रोज थोडं थोडं टाइप करत आणि टाइप झालेली वही हातात धरवेना अशी झालेली असली की टाकून देत. टायपिंगचा प्रोग्राम जुना, म्हणून तो आतल्या कॉम्प्युटरमध्ये होता. एक दिवस तो कॉम्प्युटर उघडेना.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. आतल्या कॉम्प्युटरमध्ये काही मोठा बदल करायचा असला की आधी 'स्नॅपशॉट' घेता येतो. म्हणजे त्या क्षणी मूळ फाइल गोठवायची. तिथून पुढचं सगळं नवं लिखाण दुसऱ्या फाइलमध्ये साठत जातं. बदल फसला तर दुसरी फाइल टाकून द्यायची, की आपण परत पहिल्या जागी. सोय फार छान. पण तिथून पुढे तो कॉम्प्युटर दोन्ही फाइलींवर मिळून उभा असतो. एक गेली तर दुसरी अपुरी. आणि गोठवलेल्या मूळ फाइलमध्ये बाहेरून काडीचाही बदल झाला, तर दोघींचा मेळ तुटतो.

हाजीसाहेबांच्या मशीनचा असा स्नॅपशॉट कोणीतरी घेऊन ठेवला होता. मला घाई होती. मी मूळ फाइलच थेट माउंट केली. होस्टच्या विंडोजनं विचारलं, "या डिस्कमध्ये दोष दिसतो, दुरुस्त करू का?" मी 'हो' दाबलं. त्यानं मूळ फाइलमध्ये आपल्या परीनं दुरुस्ती केली आणि दुसऱ्या फाइलमधलं अकरा महिन्यांचं टायपिंग मातीत गेलं. मी तीन दिवस झटलो. हाती आले ते उर्दू अक्षरांचे तुकडे.

सांगायला गेलो तेव्हा हाजीसाहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "सलीम मियाँ, आपने जान-बूझ के तो नहीं किया." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उरलेल्या वह्यांवरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. जितकं जमलं तितकं छापलं. एक प्रत मलाही दिली. त्यात अकोटच्या एका घराण्याच्या नावाखाली तीनच ओळी आहेत. पहिल्या वेळी तिथे चाळीस पानं होती.

तेव्हापासून मी नियम केला. मूळ फाइलला हात लावायचा नाही. आधी तिची नक्कल, आणि नक्कलही माउंट करायची ती फक्त वाचण्यापुरती.

आता अमरावतीचं सांगतो. दुकान बंद करून चार-पाच महिने झाले होते. सकाळी सुजाता मॅडमचा फोन आला. मॅडम श्रवणतज्ज्ञ आहेत. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या काही लेकरांच्या कानात आत ऑपरेशन करून एक यंत्र बसवतात. त्याचा दुसरा भाग बाहेर, कानामागे अडकवलेला असतो. बाहेरचा भाग आवाज पकडतो, आतला तो नसेला पोचवतो. पण आत वीस-बावीस टोकं असतात आणि प्रत्येक टोकाला किती जोर द्यायचा हे प्रत्येक लेकरासाठी वेगळं ठरवावं लागतं. कमी दिला तर ऐकू येत नाही, जास्त दिला तर लेकरू दचकतं, रडतं, यंत्र ओढून फेकतं. या आकड्यांच्या यादीला ते 'मॅप' म्हणतात. मॅडमकडे चाळीसेक लेकरांचे मॅप होते आणि ते ज्या जुन्या प्रोग्राममध्ये होते, तो मीच त्यांना आतल्या कॉम्प्युटरमध्ये बसवून दिला होता.

"सलीमभाई, आतलं विंडोज उघडून नाही राहिलं. फाइल सापडत नाही म्हणते. नंदिनी येऊन बसली इथं. येता का तुम्ही?"

मी मिळाली ती गाडी पकडली. साडेदहाला पोचलो.

नंदिनी पाच वर्षांची, तिवस्याची. तिची आई, वैशालीताई, तिला मांडीवर घेऊन बसली होती. दीड महिन्यापूर्वी हे लोक गुरुकुंज मोझरीला दर्शनाला गेले होते, तिथे गर्दीत पोरीच्या कानामागचं यंत्र पडलं. शोध शोध शोधलं, मिळालं नाही. नवं यंत्र आदल्या दिवशी आलं होतं. पण नवं यंत्र म्हणजे कोरी पाटी. तिचा मॅप त्यात भरल्याशिवाय त्याचा काही उपयोग नव्हता.

"भाऊ, दीड महिना झाला हिले काहीच ऐकू नाही येऊन राहिलं," वैशालीताई म्हणाली. "पहिले दिवसभर बोलायची. आता शब्द सोडून राहिली एकेक. पाणी पायजे तं हात दाखवते. मी म्हणतो बोल, तं माह्या तोंडाकडं पाहते नुसती."

मी मॅडमला हळूच विचारलं, "नवा मॅप नाही करता येत?"

"येते ना. पण मागच्या वेळी हिचा बसवाले वर्ष लागलं. लहान लेकरू सांगत नाही, हे जास्त होते, हे कमी होते. रडते तेवढंच. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आन् ती घाबरली, तं यंत्र कानाले लावू नाही देणार." मॅडम एरवी खणखणीत बोलतात. त्या दिवशी आवाज खाली होता.

मी होस्टवरचं फोल्डर उघडलं. मोठी फाइल जागेवर होती. तिची तारीख पाहिली. अडीच वर्षांपूर्वीची. रोज वापरातल्या डिस्कची तारीख अडीच वर्षांपूर्वीची असू शकत नाही. म्हणजे ही गोठवलेली मूळ फाइल होती, आणि नंतरचं सगळं जिच्यात होतं ती दुसरी फाइल तिथे नव्हती.

ती तारीखही माझ्या ओळखीची होती. त्या दिवशी मी प्रोग्रामची सुधारित आवृत्ती टाकायला आलो होतो. खबरदारी म्हणून आधी स्नॅपशॉट घेतला होता. आवृत्ती नीट बसली. नंतर दोन्ही फाइली एकत्र करून टाकायला हव्या होत्या, निदान मॅडमला सांगायला तरी हवं होतं. मी चहा घेतला आणि अकोल्याची गाडी गाठली.

मूळ फाइलची नक्कल माझ्या लॅपटॉपवर घेतली आणि ती वाचण्यापुरती माउंट केली. नवं अक्षर उमटलं. आत लेकरांची फोल्डरं दिसायला लागली. वैशालीताई मागून वाकून बघत होती. तिला वाचता येत होतं, ती एकेक नाव पुटपुटत होती. यादी संपली. नंदिनी त्यात नव्हती. तिचं ऑपरेशनच त्या तारखेनंतरचं होतं.

"हे जुनं आहे, ताई," मी म्हणालो. "अजून शोधायचं आहे."

"बॅकअप हाय ना माझ्याकडं!" मॅडमनी कपाटातून एक डिस्क काढली. "दर एक तारखेले घेते. कधी चुकली नाही."

त्या डिस्कवर तीस फोल्डर होते, महिन्यावार नावं दिलेले. मी एकेक उघडून बघितला. सगळ्यांत तीच मोठी फाइल, तीच अडीच वर्षांपूर्वीची तारीख. बाईंनी इमानेइतबारे दर महिन्याला एकाच गोठलेल्या फाइलची नक्कल काढली होती, कारण मी त्यांना सांगितलं होतं, 'ही मोठी फाइल जपा.'

"मॅडम, या फोल्डरमधून कोणी काही काढलं का? लांबलचक नावाची, आकडे-अक्षरं असलेली एक फाइल?"

"नाही बाप्पा. कोण हात लावते?"

मग त्या वैशालीताईला म्हणाल्या, "जा, पोरीले काही खाऊ घालून आण." मायलेकी बाहेर गेल्या. मॅडम दार लावून खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मीच उडवली. शनिवारी. डिस्क भरली म्हणून सांगत होता कॉम्प्युटर. ते नाव पाहून मले वाटलं कचरा आहे काहीतरी. कचरापेटीत बी नाही गेली, एवढी मोठी होती. थेट उडाली. आज सकाळी तुम्हाले फोन करताना बी सांगतलं नाही मी. लाज वाटली."

त्या बोलल्या आणि मला माझी लाज वाटली. चूक आधी माझी होती आणि बोलल्या आधी त्या.

"मॅडम, ती फाइल तिथे मीच ठेवली होती," मी म्हणालो. "अडीच वर्षांपूर्वी. ती मूळ फाइलमध्ये मिळवून टाकायची माझी जबाबदारी होती, नाही तर तुम्हाला सांगायची. मी दोन्ही केलं नाही. तुम्ही कचरा समजलात यात तुमचा काय दोष?"

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मंग आता?"

"आता हा कॉम्प्युटर बंद. शनिवारपासून किती वापरला?"

"दोन पत्रं टाइप केली. बस."

दोन पत्रं म्हणाल्या तेव्हा मला पहिल्यांदा थोडा धीर आला. उडवलेली फाइल लगेच पुसली जात नाही. कॉम्प्युटर फक्त तिच्या जागेवरचा पहारा उठवतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की ती खरी जाते. मशीन जुनं होतं, फिरत्या चकतीची डिस्क होती. नव्या प्रकारची असती तर त्यानं जागा आपणहून साफ करून टाकली असती आणि माझ्या हातात काही उरलं नसतं.

मी डिस्क बाहेर काढली. माझ्याकडे एक जोडणी आहे, तिच्यातून डिस्क फक्त वाचली जाते, तिच्यावर काही लिहिता येत नाही. त्यातून अख्ख्या डिस्कची नक्कल सुरू केली. अंदाज आला, अडीच तास.

ते अडीच तास फार मोठे होते. मायलेकी परत आल्या. मॅडमनी दुसऱ्या पेशंटना फोन करून उद्या बोलावलं. नंदिनीनं मॅडमच्या टेबलाखालचा ठोकळ्यांचा डबा ओढून काढला. ठोकळे फरशीवर पडले, केवढा तरी आवाज झाला, आम्ही तिघं दचकलो. तिनं मान वर केली नाही. वैशालीताई तिच्याकडे बघत होती आणि मी लॅपटॉपवरच्या टक्क्यांकडे.

"तुम्हाले लेकरं किती, भाऊ?" तिनं मध्येच विचारलं.

"दोन मुली."

"बोलतात?"

"एक फार बोलते," मी म्हणालो. वैशालीताई हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू.

नक्कल झाली. मग त्या नकलेत उडवलेल्या फाइलचा शोध. पाऊण तासानं यादीत ते लांबलचक नाव आलं. आकार जवळपास पूर्ण. मी ती फाइल वेगळ्या डिस्कवर उतरवली, मूळ फाइलची नक्कल तिच्या शेजारी ठेवली आणि आधी आतला कॉम्प्युटर सुरू करून पाहिला. निळा पडदा, बंद. पुन्हा पाहिला. पुन्हा बंद. दोन पत्रांनी आणि विंडोजच्या आपल्या उद्योगांनी कुठेतरी घाव घातला होता.

मॅडमनी डोळे मिटले. मी म्हणालो, "थांबा. त्याला उठवायची गरजच नाही आपल्याला."

दोन्ही फाइली मिळून एक डिस्क म्हणून माउंट केली, फक्त वाचण्यापुरती. काही सेकंद काहीच झालं नाही. मग नवं अक्षर उमटलं. फोल्डर उघडला. लेकरांची यादी. या वेळी लांब होती. वैशालीताई परत वाकली आणि वाचता वाचता थांबली. तिनं बोट पडद्याला लावलं.

"नंदिनी."

मी लेकरांचा अख्खा फोल्डर कॉपी केला. एका कोऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये मॅडमच्या सीडीवरून तो प्रोग्राम टाकला, त्याला तो फोल्डर दाखवला आणि उठून खुर्ची मॅडमला दिली.

मॅडमनी नंदिनीचं नाव उघडलं. पडद्यावर उभ्या पट्ट्यांची रांग आली. त्या एकेक पट्टी बघत गेल्या. एका जागी थांबल्या. "हाच आहे. हे पाहा, इथं मी मुद्दाम खाली ठेवलं होतं. या टोकाले ती दचकायची." आणि मग पदरानं चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ.

बाकी बहुतेक लेकरांचे मॅपही धड निघाले. दोघांच्या शेवटच्या भेटीच्या फाइली मात्र फुटल्या होत्या. त्यांना मॅडमनी पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. ते काम वाढलं ते माझ्यामुळे, एवढं मी धरून आहे.

नवं यंत्र वायरीनं जोडलं, मॅप भरला. मॅडमनी नंदिनीला खुर्चीवर बसवलं, यंत्र कानामागे अडकवलं, समोर वाटी ठेवली आणि हातात एक ठोकळा दिला. हा खेळ तिला माहीत होता. आवाज आला की ठोकळा वाटीत टाकायचा. मॅडमनी कागदानं आपलं तोंड झाकलं, म्हणजे पोरीनं ओठ बघून ओळखू नये, आणि म्हणाल्या, "आ."

पोरगी स्थिर. मग तिच्या भुवया वर गेल्या. हात मात्र हलला नाही. वैशालीताईनं माझ्या शर्टाची बाही धरली होती, तिला कळलंही नव्हतं.

"आ," मॅडम परत म्हणाल्या.

ठोकळा वाटीत पडला.

"ई." पडला. "ऊ." पडला. "म." जरा विचार करून पडला. "श." पडला. शेवटी "स". अगदी बारीक, मला स्वतःला नीट ऐकू आला नाही. नंदिनीनं मान तिरकी केली आणि ठोकळा टाकला.

वैशालीताई जोरात रडायला लागली. हुंदके देत, नाक ओढत, "माही पोट्टी वं, माही पोट्टी" करत. नंदिनीनं वळून आईकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "आई, हळू."

त्या दिवसभरात तिनं काढलेले ते पहिले शब्द. मॅडम हसायला लागल्या, मग मी, मग वैशालीताई तोंडावर पदर धरून रडत रडतच हसायला लागली. नंदिनीला आमचा सगळ्यांचाच त्रास झाला असावा.

जायच्या आधी मी मॅडमच्या मशीनवर नवी घडी बसवून दिली. आता एकच फाइल, स्नॅपशॉट नाही, आणि लेकरांच्या फोल्डरची वेगळी नक्कल. हे सगळं कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. "आता उडवाले काही ठेवलं नाही तुम्ही," मॅडम म्हणाल्या. पुढच्या पंधरा दिवसांत मी माझ्या जुन्या नोंदवह्या काढल्या आणि ज्यांच्याकडे मी अशी मशीन बसवली होती, त्या सगळ्यांकडे जाऊन आलो. तीन ठिकाणी माझेच विसरलेले स्नॅपशॉट सापडले. मालकांना पत्ता नव्हता. शांतपणे बसून ते मूळ फाइलींत मिसळले, आणि मग प्रत्येकाला काय केलं ते सांगितलं. या वेळी सांगितलं.

पण त्या दिवशी संध्याकाळी मला घाई नव्हती. मॅडमचं क्लिनिक पहिल्या मजल्यावर, खाली उतरायला लोखंडी जिना. मी बॅग घेऊन बाहेर आलो तर नंदिनी जिन्यात होती. चप्पल आपटत एक पायरी उतरायची, थांबायची, ऐकायची, मग दुसरी. खाली पोचली की धावत वर यायची आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू. धाड, धाड, धाड. खालच्या औषधाच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन वर बघून गेला.

वैशालीताई खाली कठड्याला टेकून उभी होती. समोरच्या रस्त्यावरून तिवस्याची बस गेली. मी म्हणालो, "ताई, तुमची गाडी."

"जाऊ द्या भाऊ," ती म्हणाली. तिचं लक्ष जिन्याकडे होतं. "मागून येतेच दुसरी."